अजून एक खुर्ची

सर भाजी घ्यायला आले की नौपाड्यातल्या आमच्या गल्लीतली भाजीवाली सरळ दुसरीकडे तोंड करून बसायची. गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवणारी भाजीवाली मी तेवढी एकच पाहिली. तिचंही काही चुकत नव्हतं. सर फरसबी उचलायचे, खाली ठेवायचे. मेथीच्या जुडीकडे असे बघत राहायचे की जणू मेथीने त्यांना काही विचारलंय. मग वांगी. मग परत फरसबी. शेवटी मागचं कोणीतरी वैतागून म्हणायचं, "आजोबा, आटपा की जरा," आणि सर दचकून बटाटे घ्यायचे. रोज बटाटे.

माझं ऑफिस त्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर. जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून हा तमाशा आयता दिसायचा. ज्या माणसाने मला कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलं, मोठमोठ्या प्रश्नांची सालं काढून दाखवली, त्याला फरसबी की मेथी हे ठरवता येत नाही, याचं मला भयंकर हसू यायचं. ऑफिसातल्या मुलींना मी हाका मारून बोलवायचे. "या गं या, आमचे सर आले. लावा पैज, आज पण बटाटाच."

त्या बटाट्यांच्या मागे काय होतं, ते माझ्यावर वेळ आली तेव्हा कळलं. त्यानंतर मी त्या खिडकीत उभी राहिले नाही.

आमचं कॉलेज कल्याणला. मी शहाडची, म्हणजे कॉलेज तसं जवळच. तत्त्वज्ञान घेणारे आम्ही अगदी मूठभर, आणि त्यातले निम्मे दुसरं काही मिळालं नाही म्हणून आलेले. मी त्या निम्म्यांतली. सर ठाण्याहून यायचे. पांढरा शर्ट, वरच्या खिशात खडूचे तुकडे, आणि वर्गातल्या प्रत्येकाला अहो-जाहो. मला आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणणारा माणूस हा. घरी मला 'अगं ए'च्या वर कोणी चढवलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला "तुम्ही सांगा" म्हटलं तेव्हा मी मागे वळून बघितलेलं, की आपल्या मागे कोणी बाई बसल्यात काय.

पण हा सगळा मान एका अटीवर. वर्गात 'मला वाटतं' म्हणायचं नाही. कोणी म्हणालंच तर सर हात वर करायचे, ट्रॅफिक हवालदारासारखा. "तुम्हाला काय वाटतं ते दप्तरात ठेवा. बाजू सांगा." त्यांना स्वतःला काय वाटतं हे तर विचारायचीच सोय नव्हती. आम्ही नाना तऱ्हेने काढायला बघायचो. कँटीनमध्ये कोणी विचारलं, "सर, चहा कसा झालाय?" तर म्हणायचे, "पिणाऱ्याच्या बाजूने सांगू की करणाऱ्याच्या?" एकदा स्टेशनबाहेर मी त्यांना रिक्षावाल्याशी बोलताना ऐकलं. तो विचारत होता, "काका, आतून घेऊ का पुलावरून?" सर म्हणाले, "दोन्हींत काय काय अडचणी आहेत?" तो त्यांना तिथेच सोडून निघून गेला.

आणि कुठलीही चर्चा संपत आली, दोन्हीकडचे दमले, आता घरी जायला मिळणार असं वाटायला लागलं, की सर चष्मा पुसत म्हणायचे, "थांबा. अजून एक खुर्ची आहे."

हे खुर्चीचं प्रकरण त्यांच्या घरचं. रविवारी सकाळी ते आम्हाला नौपाड्यात घरी बोलवायचे. जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एकीसारखी दुसरी नाही अशा खुर्च्या: एक लोखंडी घडीची, एक प्लास्टिकची, एक हातांची लाकडी, एक दवाखान्यात असतं तसं उंच स्टूल. प्रत्येक खुर्ची म्हणजे एक बाजू. जो जिथे बसेल त्याने तिथली बाजू मांडायची, आणि नियम असा, की ज्याला जी बाजू पटते त्या खुर्चीवर त्याने बसायचं नाही. पटत नाही तिथेच बूड टेकायचं आणि मन लावून भांडायचं.

आमच्या अभ्यासक्रमात गर्भपातावर एक छोटंसं प्रकरण होतं. दुसऱ्या कॉलेजांत त्याच्या नोट्स एका तासात उरकायचे. सरांनी आमचे कितीतरी रविवार त्यात घातले. लोखंडी खुर्ची म्हणायची, गर्भ राहिला त्या क्षणापासून तो माणूस आहे, तुमच्या-माझ्याइतकाच, आणि त्याला हात लावायचा हक्क कोणाला नाही. प्लास्टिकची म्हणायची, माणूस म्हणजे ज्याला 'मी आहे' हे कळतं, ज्याला उद्याचं काही हवं असतं. गर्भाला अजून उद्याच नाही, तर त्याच्याकडून काय हिरावलं? त्यावर लोखंडी उलटायची: उद्या यायच्या आधीच उद्या काढून घेतलात, हे नुकसान नाही तर काय? लाकडी खुर्ची मधली. ती म्हणायची, सगळं हळूहळू होतं, आणि जसजसं होत जातं तसतसं आपलं देणं वाढत जातं. सर त्याला विरजणाचं उदाहरण द्यायचे. "रात्री दुधाला विरजण लावलंत, सकाळी दही झालं. दूध कुठल्या क्षणी संपलं ते सांगा. सांगता येत नाही म्हणून दूध आणि दही एकच आहे असं म्हणाल का?" आणि स्टूल या तिघांनाही खिजगणतीत धरायचं नाही. ते म्हणायचं, तो माणूस आहे की नाही यावर तुम्ही खुशाल भांडत बसा, पण तो राहतोय कोणाच्या देहात? तिला विचारलंत का?

आमच्यात डोंबिवलीचा एक मुलगा होता, फार तापट. पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "सर, यात बाजू कसली आलीय? सरळ हत्या आहे ती." सरांनी त्याला स्टुलावर बसवलं. आधी तो पाठ केल्यासारखं धडाधड बोलला. मग हळू झाला. म्हणाला, "आमच्या ताईला ना, कोणी विचारलंच नाही. सगळे हॉलमध्ये बसून बोलत होते आणि ती आत भांडी घासत होती." आणि पुढे त्याला बोलताच येईना. सरांनी उठून त्याला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. मग सर म्हणाले, "अजून एक खुर्ची आहे," आणि त्याला लाकडी खुर्ची दाखवली.

मी न राहवून विचारलेलं, "पण सर, तुमचं काय मत?"

"माझं मत कळलं की तुम्ही विचार करायचं थांबवाल," ते म्हणाले.

काय थोर वाटलेलं मला ते वाक्य. घरी जाऊन आरशासमोर म्हणून बघितलं मी.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक वेताची खुर्चीही असायची. ती कायम रिकामी. कोणी बसायला गेलं की सर थांबवायचे. "ती जिला ठरवायचंय तिची. तिथून काय दिसतं ते आपल्याला माहीत नाही, तेव्हा तिथे आपण बसायचं नाही." त्यांचं हे बोलणं चालू असताना काकू, म्हणजे सरांच्या बायको, चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी ट्रे त्याच खुर्चीवर ठेवला आणि आत निघून गेल्या. सर बोलायचे थांबले नाहीत.

काकू शाळेत शिक्षिका होत्या. बारीक चणीच्या, चटपटीत, हाताला विलक्षण वेग. पण त्यांचीही एक तऱ्हा होती आणि आम्हाला ती सरांच्या तऱ्हेइतकीच गमतीची वाटायची. त्यांना काही विचारलं की एकच उत्तर: "त्यांना विचार." काकू, दार लोटून घेऊ का? त्यांना विचार. काकू, लाडू छान झालेत, डबा भरून नेऊ का? त्यांना विचार. आणि ते तर सांगणारच नाहीत. त्यामुळे त्या घरात काहीच ठरत नसे. खिडकीला पडदा नव्हता, जुनी चादर खिळ्यांवर अडकवलेली होती, कारण पडद्याचा रंग सरांनी निवडायचा होता. आमची एक मैत्रीण म्हणायची, या दोघांचं लग्न ठरलंच कसं? आम्ही जिन्यात हसून हसून लोळायचो.

पुढे मला नौपाड्यात नोकरी लागली, कोलशेतला सासर मिळालं. नवरा, प्रशांत, तिथलाच. त्याच्या आजोबांची मिठागरं होती, आता त्या जागेवर बिल्डिंगी आहेत आणि त्यातल्या एकीत आम्ही राहतो. घर चांगलं, माणसं चांगली. सासू तर इतकी मायाळू की मला कधीकधी त्याचाच धाक वाटायचा. मला दिवस गेले तेव्हा तिने कोणाला कळू दिलं नाही, आणि पाचवा लागताच घरातल्या घरात माझी चोरओटी भरली. गाजावाजा नाही, बायकांना बोलावणं नाही. दार लावून, देवासमोर पाट मांडून, खण, नारळ, तांदूळ. भरताना माझ्या पोटाला हात लावून तिच्या बोलीत म्हणाली, "आता हे घरचा झाला."

त्याच सुमारास ते हलायलाही लागलेलं. पोटात आतून कोणीतरी बोटाने हळूच टिचकी मारावी तसं.

आणि मग पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी. ती आधी करून घेऊन मग ओटी भरायची, एवढं शहाणपण आमच्यात कोणालाच सुचलं नाही. सोनोग्राफीवाली बाई आधी गप्पा मारत होती, मग गप्प झाली. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. मणका खालच्या बाजूला बंदच झालेला नाही, आणि मेंदूत पाणी साठतंय. "बाळ जगेल," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनं लागतील. पाय चालतील का, लघवीवर ताबा येईल का, बुद्धी कशी असेल, हे आज कोणीच नक्की सांगू शकणार नाही. थोडक्यात निभावलेलीही मुलं आहेत, आणि फार भोगणारीही आहेत. थांबवायचं असेल तर कायद्याने अजून वेळ आहे. पण बसून राहण्याइतका नाही."

मरणारच आहे असं म्हणाल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. जगेल म्हणाल्या. मला तिथे बसल्या बसल्या सगळ्या खुर्च्या आठवल्या. त्या खोलीतल्या नियमांना इथे काही अर्थ नव्हता. मला सगळंच पटत होतं आणि काहीच पटत नव्हतं.

बाहेर आल्यावर प्रशांतने माझा हात धरला. "हे बघ," तो म्हणाला, "तुझं शरीर आहे, तुझा निर्णय. तू म्हणशील ते. मी शंभर टक्के तुझ्यासोबत आहे." इतकं नीट बोलला की त्याला मी काय बोलणार? दुसऱ्या बायकांचे नवरे काय काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे. आमच्या ऑफिसातल्या मुली तर म्हणाल्या, नशीबवान आहेस. मला मात्र तो हात सोडून गाडी लावली होती तिथपर्यंत आपण एकटीच चाललोय असं वाटत होतं.

घरी सासूला सांगितलं. ती जमिनीवर बसली. बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. "माजे हातानी ओटी भरली गो," एवढंच म्हणाली. मी विचारलं, आई, काय करू? तर मान हलवून म्हणाली, "मना नको विचारू बाय. तुमी शिकलेली मानसा."

पुढचे दिवस प्रशांत रोज रात्री विचारायचा, "काही ठरलं का गं?" ठरलं का, जसं काही ते आपोआप कुठे तरी ठरतंय आणि मला फक्त निरोप द्यायचाय. आणि आत ती टिचकी चालूच.

एका दुपारी जेवणाचा डबा तसाच टाकून मी गल्ली ओलांडली आणि सरांचा जिना चढले. कॉलेज संपल्यापासून मी त्या घरात गेले नव्हते. सर आता बरेच वाकले होते. त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं, "या, तुम्ही बसा," म्हणाले. मी समोर दिसली त्या खुर्चीत बसले. बसल्यावर सरांचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं, मी वेताच्या खुर्चीत बसले होते. उठायला झाले तर ते म्हणाले, "असू दे." त्यांना तेवढ्यावरूनच कळलं असावं. मग मी सगळं सांगितलं. खिडकीला तीच चादर होती.

सर उठले. लोखंडी खुर्चीजवळ गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि वर्गातल्या आवाजात सुरू झाले. "बघा, एक बाजू अशी आहे, की व्यंग असलेला गर्भ आणि नसलेला गर्भ यांत आपण फरक करतो तेव्हा जन्मलेल्या अपंग माणसालाही आपण काहीतरी सांगत असतो." खरंच होतं ते. मग प्लास्टिकच्या खुर्चीकडे वळले. मग लाकडी. विरजणसुद्धा आलं. मी ऐकत होते. एखाद्याच्या घरी आग लागलीय आणि तुम्ही त्याला अग्नी म्हणजे काय ते समजावताय, असं चाललेलं.

"सर," मी म्हटलं, "मला खुर्च्या पाठ आहेत. मी तुमचीच विद्यार्थिनी. मला तुमचं मत पाहिजे. चुकीचं असलं तरी चालेल. कोणीतरी मला एक काहीतरी सांगा हो, निदान मला भांडायला तरी माणूस मिळेल."

सरांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "तुम्ही त्रासात आहात, मला कळतंय. पण अजून एक खु..."

"पुरे."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात सोललेला बटाटा होता.

"सांगा तिला," त्या म्हणाल्या. "मला नाही सांगितलंत. तिला तरी सांगा."

काकू माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी सलग एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

"आमचं नवीन लग्न झालेलं. मला दिवस राहिले आणि अंगावर गोवर उठला, तो जर्मन म्हणतात ना, तो. डॉक्टर म्हणाले, मूल आंधळं होईल, बहिरं होईल, नाहीतर काहीच होणार नाही, धडधाकट होईल. ह्याच खोलीत बसलो होतो आम्ही. तेव्हा घरात खुर्च्या नव्हत्या एवढ्या. ह्यांनी शेजाऱ्यांकडून मागून आणल्या."

मी सरांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

"मला एकेकीवर बसवलं. मी बसले. बोललेसुद्धा. शाळेत शिकवत होते, बोलता येत होतं मला. शेवटी तू बसली आहेस तिथे येऊन बसले आणि म्हटलं, आता तुम्ही सांगा. तर म्हणाले, निर्णय तुझा आहे, मी त्यात येणं बरोबर नाही." काकूंनी हातातल्या बटाट्याकडे बघितलं. "मग मी बहिणीला घेऊन गेले आणि मोकळी होऊन आले. घरी आले तर ह्यांनी वरण-भात करून ठेवलेला. चांगला केलेला. पण त्यावर एक शब्द काढला नाही, आजपर्यंत नाही. मी आपलं धरून चालले, की ह्यांना मूल ठेवायचं होतं. माणूस सज्जन, म्हणून तोंडावर बोलत नाही, मनात ठेवतोय. पुन्हा राहिलंही नाही मला. तेव्हाच म्हटलं, यापुढे ठरवायचं ते तुम्ही ठरवा. माझं एकदा ठरवून झालंय."

भाजी, पडदा, लाडू. मी जिन्यात लोळून हसले होते ते सगळं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

"मला ठेवायचं नव्हतं," सर म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता. "म्हणजे ठेवायचं नव्हतं असंही नाही. मला काही कळतच नव्हतं. फार भीती वाटत होती. रोज वाटायचं, उद्या कळेल, मग तुला सांगू. मग तू जाऊन आलीस."

"म्हणजे तुमच्या मनात काहीच नव्हतं?"

"नव्हतं."

"मग हेच का नाही सांगितलंत?" काकूंचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "भीती वाटते म्हणाला असतात तर मी तुमच्या शेजारी येऊन बसले असते. दोघं मिळून घाबरलो असतो. मी काय तुमचं मत मागत होते का?"

"तू मतच मागितलंस," सर अगदी हळू म्हणाले.

"हो. कारण दुसरं काय मागायचं असतं ते मला तरी कुठे ठाऊक होतं."

सर स्टुलावर बसले. ते त्यांना उंच होत होतं, पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. काकू आत गेल्या. आत कुकर होता, त्याच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि गॅस कोणी बंद करेना. मी तिथे आहे याचं दोघांनाही भान नव्हतं. मी उठले, आत जाऊन गॅस बंद केला. काकू ओट्याला धरून, भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी त्यांच्या पाठीला हात लावला तर म्हणाल्या, "जा तू. तुला उशीर होतोय."

त्या संध्याकाळी मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. एवढं डोळ्यांनी बघितल्यावर तीच चूक आपण कशाला करायची? मी प्रशांतला समोर बसवलं. मत विचारलंच नाही. म्हटलं, "प्रशांत, तुला भीती वाटते का रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, आता बोलेल. मग त्याने खांदे सरळ केले आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. "अगं, मी एकदम ठीक आहे. तू माझं टेन्शन घेऊ नकोस. मी स्ट्राँग राहिलो तरच तुला आधार ना? तू फक्त तुझा विचार कर. तू म्हणशील ते."

"मला वाटते रे भीती," मी म्हटलं.

"मी आहे ना," तो म्हणाला. आणि मला थोपटायला लागला.

मग मीच ठरवलं. कुठल्या खुर्चीवरून ते मला आजही सांगता येणार नाही. कोणी विचारलं तर मी चारी बाजूंनी ते बरोबर होतं हे सिद्ध करीन आणि चारी बाजूंनी चूक होतं हेही. ठाण्याच्या हॉस्पिटलात झालं सगळं. डॉक्टर चांगल्या होत्या, नर्स चांगल्या होत्या, प्रशांत पूर्ण वेळ बाहेर उभा होता, कॉफी आणत होता, फोन घेत होता. सगळे माझ्याशी इतके चांगले वागले की रागावून ओरडायला कोणी उरलंच नाही. मी घरी आले तेव्हा देवासमोरचा ओटीचा नारळ दिसला नाही. सासू तो पदराखाली घेऊन एकटीच खाडीवर जाऊन सोडून आली होती.

काकू मला भेटायला कोलशेतला आल्या, रिक्षा करून, एकट्या. पलंगाच्या कडेला बसल्या. प्रशांत चहा घेऊन आला, "काकू, साखर?" म्हणाला, तर त्या माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. तो बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "बोलत राहा त्याच्याशी. भांड हवं तर. मी गप्प बसले ते चुकलं माझं."

"सर बोलतात आता?" मी विचारलं.

"बोलतात की. रोज बोलतात. आता थांबतच नाहीत, तेव्हा काय वाटलं, कसं वाटलं." त्यांनी माझ्या पायावरची चादर सारखी केली. "मला ऐकू येतं, पण आत काही जात नाही गं. मी कधीची उठून गेलेय तिथून."

मध्यंतरी त्यांची बिल्डिंग पाडायला घेतली. सामान हलवलं त्या दिवशी मी जिन्यापाशी गेले होते. लोखंडी, प्लास्टिकची, लाकडी आणि स्टूल, सगळं सरांनी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं. वेताची तेवढी टेम्पोत ठेवली, दोरीने स्वतः बांधली. सर मला म्हणाले, "ही तिची आहे." पण काकू भाड्याच्या नव्या घरात तिच्यावर बसत नाहीत, त्यांनी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेत, असं सरांनीच मला पुढे भाजीवालीपाशी सांगितलं. सांगताना त्यांच्या एका हातात मेथी होती आणि दुसऱ्यात फरसबी. मी पुढे होऊन म्हणणार होते, सर, मेथी घ्या. तेवढं सांगणं मला सहज जमलं असतं. पण माझ्या तोंडून ते आलं नाही.

काकूंचं मी मनावर घेतलेलं. बोलायचं, भांडायचं, असं रोज सकाळी ठरवायचे. पण भांडायचं कशावरून? प्रशांत कधी मोठ्याने बोलत नाही. माझ्या गोळ्यांच्या वेळा त्याला पाठ होत्या. सोनोग्राफीचे कागद त्याने कुठेतरी आत ठेवून दिले, मला दिसू नयेत म्हणून. पुढचा विचार कधी करायचा, करायचा की नाही, यावरही त्याचं तेच: तू म्हणशील तेव्हा, तू म्हणशील तसं.

परवा संध्याकाळी मी घरी आधी आले होते. सासू देवळात गेलेली. दिवा न लावता मी बाहेरच्या खोलीत बसले होते. प्रशांतचा फोन आला. मागे बाजाराचा गलका होता.

"अगं, येता येता भाजी घेतोय. काय आणू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खरंच, मेथी म्हणणार होते. मला मेथी खावीशी वाटत होती.

"तू ठरव," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला.

त्याने बटाटे आणले.